इन्कॉग्निटोत शोधलं, तरी टीव्हीवर कसं दिसलं?

प्रश्न: लग्नाला चार वर्षं झाली. आम्ही दोघांनी आयव्हीएफची माहिती काढायला सुरुवात केली आहे, पण घरात अजून कोणालाच सांगितलेलं नाही. घरचा लॅपटॉप सगळेच वापरतात, म्हणून मी न चुकता क्रोम ब्राउझरच्या इन्कॉग्निटो या ‘गुप्त’ विंडोतच शोधते. त्याच विंडोत जीमेल उघडून डॉक्टरांना रिपोर्ट पाठवले, यूट्यूबवर काही व्हिडिओ पाहिले आणि एका साइटवर ‘मोफत सल्ल्या’साठी मोबाइल नंबर भरला. आता माझ्या इन्स्टाग्रामवर फर्टिलिटी सेंटरच्या जाहिराती येतात. परवा तर सासूबाईंनी भजन लावायला हॉलमधल्या टीव्हीवर यूट्यूब उघडलं आणि पहिल्याच ओळीत आयव्हीएफचे व्हिडिओ आले. दुपारच्या सुट्टीत मी कंपनीच्या लॅपटॉपवरही इन्कॉग्निटोतच शोधते. ते ऑफिसात कोणाला दिसत असेल का? व्हीपीएन घेतलं तर हे सगळं थांबेल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर:

टीव्हीपासून सुरुवात करू, कारण तो आज संध्याकाळच्या आत मार्गी लागू शकतो. हॉलमधल्या टीव्हीवरच्या यूट्यूबला बहुधा तुमचंच जीमेल खातं जोडलेलं आहे. इन्कॉग्निटो विंडोत तुम्ही जीमेलला पासवर्ड टाकलात त्या क्षणापासून गूगलसाठी तुम्ही अनोळखी राहिला नाहीत. त्या विंडोतलं जीमेल, गूगल सर्च आणि यूट्यूब या तिघांना एकच लॉगिन लागू होतं. त्यानंतर पाहिलेले व्हिडिओ आणि केलेले शोध तुमच्या खात्याच्या हिस्टरीत जमा झाले, आणि त्याच खात्यावर चालणाऱ्या टीव्हीने त्यावरून शिफारशी मांडल्या. इन्कॉग्निटोत काही बिघाड झाला नव्हता. विंडो बंद केल्यावर त्याने लॅपटॉपवरच्या खुणा पुसल्या. खात्यातली हिस्टरी गूगलच्या सर्व्हरवर असते, तिथे त्याचा हात पोचत नाही.

आता पुसायचं कसं ते. मोबाइलवर यूट्यूब ॲप उघडून खाली उजव्या कोपऱ्यातल्या तुमच्या फोटोवर जा, हिस्टरी उघडा आणि त्या-त्या व्हिडिओशेजारच्या तीन ठिपक्यांतून ‘रिमूव्ह फ्रॉम वॉच हिस्टरी’ करा. तेवढ्याने भागत नाही, कारण यूट्यूबवर आणि गूगलवर टाइप केलेले शोध वेगळे साठवलेले असतात. त्यासाठी ब्राउझरमध्ये ‘मायअ‍ॅक्टिव्हिटी डॉट गूगल डॉट कॉम’ उघडा. वरच्या शोधचौकटीत ‘आयव्हीएफ’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाकून पाहा, मग देवनागरीत टाका, मग ‘वंध्यत्व’, ‘फर्टिलिटी’, दवाखान्याचं नाव. ही चौकट शब्द जुळवून नोंदी दाखवते, त्यामुळे एका लिपीत शोधून थांबलात तर दुसऱ्या लिपीतल्या नोंदी राहून जातील. सापडलेलं सगळं डिलीट करा. मग त्याच पानावर ‘वेब अँड ॲप अ‍ॅक्टिव्हिटी’ आणि ‘यूट्यूब हिस्टरी’ या दोन्हींमध्ये ऑटो-डिलीट ३ महिन्यांवर ठेवा. तिथे ३, १८ आणि ३६ महिने असे पर्याय असतात. हिस्टरी पूर्ण बंद करायचीही सोय आहे. उपचाराचा काळ संपेपर्यंत ती बंद ठेवावी असं आम्हाला वाटतं. यूट्यूबच्या शिफारशी त्या काळात तुमच्या आवडीच्या राहणार नाहीत, पण एवढं चालवून घ्या.

टीव्हीवरचं तुमचं खाते मात्र काढूनच टाका. घरासाठी एक वेगळं खातं उघडा आणि तेच टीव्हीवर लावा. जुन्या शिफारशी लगेच गेल्या नाहीत तर ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

आता मुळाकडे येऊ. इन्कॉग्निटोसारखी सोय कशासाठी बनवली गेली? ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये ती २००५ मध्ये आली, क्रोममध्ये २००८ मध्ये, फायरफॉक्समध्ये २००९ मध्ये. तेव्हापासून आजवर तिचं मुख्य काम तेच आहे. तुमच्यानंतर हेच यंत्र हाताळणाऱ्या माणसाला हिस्टरी, कुकी (साइटने तुम्हाला ओळखण्यासाठी ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद) आणि फॉर्ममध्ये भरलेला मजकूर सापडू नये, एवढं ते काम. किराणा दुकानात उधारीवर माल घेऊन घरच्या वहीतलं पान फाडलं तरी दुकानदाराच्या खतावणीत नोंद राहते, तशीच गत इथे आहे. क्रोमच्या इन्कॉग्निटोचं पहिलं पानच सांगतं की तुमचा वावर तुम्ही उघडलेल्या साइटना, ऑफिस किंवा कॉलेजला आणि इंटरनेट कंपनीला दिसू शकतो. हा मजकूर वाचला जात नाही, हा दोष एकट्या वाचणाऱ्याचा नाही. काळी पार्श्वभूमी, टोपी-चष्म्याचं चित्र आणि ‘गुप्त’ हे नाव यांतून भलताच भरवसा तयार होतो.

हाच मुद्दा कोर्टातही गेला. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या फेडरल कोर्टात गूगलवर दावा दाखल झाला: लोक इन्कॉग्निटोत असतानाही इतर साइटवर बसवलेल्या गूगलच्या जाहिरात आणि मोजणी यंत्रणांमार्फत त्यांची माहिती गोळा होत राहते. दावा किमान ५ अब्ज डॉलरचा होता. २०२४ मध्ये तडजोडीच्या अटी बाहेर आल्या. त्यानुसार गूगलने अशा अब्जावधी नोंदी नष्ट करायचं किंवा त्यांतली ओळख पुसायचं, आणि इन्कॉग्निटोत तिसऱ्या पक्षाच्या (उघडलेल्या साइटखेरीज इतरांनी ठेवलेल्या) कुकी ५ वर्षं आपोआप अडवल्या जातील अशी व्यवस्था ठेवायचं मान्य केलं. लोकांना थेट पैसे देण्याची तरतूद त्या तडजोडीत नव्हती. इन्कॉग्निटोच्या पहिल्या पानावरचा मजकूरही याच सुमारास बदलला. साइट आणि त्या वापरत असलेल्या सेवा, ‘गूगलसकट’, माहिती कशी गोळा करतात त्यात या मोडमुळे फरक पडत नाही, असं आता तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.

घरच्या लॅपटॉपवर इन्कॉग्निटोमुळे तुमचा बराच बचाव झाला आहे, पण त्यात भोकं आहेत. सगळ्यात मोठं भोक म्हणजे डाउनलोड. इन्कॉग्निटोत उतरवलेली फाइल डाउनलोड फोल्डरमध्ये तशीच राहते. तुम्ही डॉक्टरांना रिपोर्ट पाठवलेत, म्हणजे त्या फाइल लॅपटॉपवर कुठेतरी होत्या. त्या डिलीट करा, मग रीसायकल बिन रिकामा करा, आणि फाइल एक्सप्लोररच्या ‘रीसेंट’ यादीत फाइलचं नाव उरलंय का ते बघा. पीडीएफ उघडणाऱ्या प्रोग्रामची स्वतःची ‘अलीकडे उघडलेल्या फाइल’ अशी यादी असते, तीही साफ करावी लागते. इन्कॉग्निटोत जतन केलेला बुकमार्कही साध्या विंडोत दिसतो.

दुसरी चूक फार जण करतात: एक टॅब बंद केला की झालं असं समजतात. क्रोममध्ये उघडलेल्या सगळ्या इन्कॉग्निटो विंडोंचं लॉगिन एकच असतं आणि त्यांतली शेवटची विंडो बंद होईपर्यंत ते जिवंत राहतं. मागे एखादी विंडो लहान करून ठेवलेली राहिली, तर पुढचा माणूस नवी इन्कॉग्निटो विंडो उघडेल आणि तुमच्या जीमेलमध्ये असेल. अँड्रॉइड फोनवर वरून खाली ओढल्यावर येणाऱ्या सूचनेतून सगळे इन्कॉग्निटो टॅब एकदम बंद करता येतात. तिथेच क्रोमच्या सेटिंग्जमध्ये, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली, क्रोममधून बाहेर पडल्यावर इन्कॉग्निटो टॅबना कुलूप लावायची सोय आहे, ती चालू करा. मग बोटाचा ठसा किंवा पिन दिल्याशिवाय ते टॅब दिसत नाहीत. आणखी एक बारीक गोष्ट: विंडोज संगणक नुकत्याच उघडलेल्या साइटचे पत्ते थोडा वेळ आपल्याकडे ठेवतो आणि त्यात इन्कॉग्निटोतल्या साइटही येऊ शकतात. ते पाहायला आज्ञा टाइप करावी लागते, घरात कोणी तसं करण्याची शक्यता कमी. लॅपटॉप रीस्टार्ट केला की ती यादी जाते.

या सगळ्यापेक्षा पक्का उपाय म्हणजे लॅपटॉपवर स्वतःचं वेगळं विंडोज खातं, पासवर्डसह. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, अ‍ॅड अकाउंट, एवढाच मार्ग आहे. घरच्या इतरांची खाती ‘स्टँडर्ड’ ठेवा, ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ नको, नाहीतर त्यांना तुमच्या फोल्डरमध्ये शिरता येतं. फाइल, हिस्टरी, अलीकडच्या याद्या हे सगळं त्यामुळे आपसूक वेगळं पडतं. घरात विचारलं तर ‘ऑफिसच्या कामासाठी’ हे पुरेसं कारण आहे.

आता इन्स्टाग्रामच्या जाहिराती. इथे आमचा पहिला संशय तुम्ही भरलेल्या मोबाइल नंबरवर आहे. तो त्या साइटपर्यंत कसा गेला हे उघड आहे, पण तिथून पुढे काय होतं ते नीट समजून घ्या. अनेक व्यावसायिक साइटवर इन्स्टाग्रामची मालक असलेल्या मेटा कंपनीचा ‘पिक्सेल’ नावाचा छोटा कोड बसवलेला असतो. त्यात एक सोय आहे: फॉर्ममध्ये भरलेला फोन नंबर किंवा ईमेल उचलून, त्याचा गणिती ठसा काढून मेटाकडे पाठवायचा. या ठशावरून मूळ नंबर थेट वाचता येत नाही, पण एकाच नंबरचा ठसा नेहमी एकच येतो. तुमचं इन्स्टाग्राम खातं ज्या नंबरवर आहे त्याचा ठसा मेटाकडे आधीच असतो. दोन्ही जुळले की फॉर्म भरणारी व्यक्ती आणि इन्स्टाग्रामवरची व्यक्ती एकच हे कळलं. यात कुकीची गरजच लागत नाही, त्यामुळे इन्कॉग्निटोने कुकी अडवल्या तरी फरक पडत नाही. शिवाय ही माहिती साइटच्या सर्व्हरवरून मेटाच्या सर्व्हरकडे थेट पाठवायचाही मार्ग आहे. ती वाहतूक तुमच्या ब्राउझरमधून जातच नाही, म्हणून तुमच्या बाजूचा कोणताही ब्लॉकर ती थांबवू शकत नाही. आणि काही न करता, निव्वळ गोळा झालेल्या नंबरांची यादी अपलोड करूनही दवाखाने आणि मध्यस्थ त्या लोकांना जाहिराती दाखवू शकतात.

मध्यस्थ हा शब्द मुद्दाम वापरला. ‘मोफत सल्ला’, ‘तुमच्या शहरातली उत्तम सेंटर’ अशा पानांमागे बऱ्याचदा दवाखाना नसतोच. तिथे नंबर गोळा होतात आणि पुढे दिले जातात. उपचाराची चौकशी करायची तर दवाखान्याच्या पाटीवरचा किंवा डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा नंबर फिरवा. फॉर्म भरू नका.

बाकीच्या वाटाही आहेत. घरच्या वाय-फायवरची सगळी उपकरणं बाहेरच्या जगाला बहुतेकदा एकाच आयपी पत्त्याने (इंटरनेटवरच्या ओळख क्रमांकाने) दिसतात, त्यामुळे एका फोनवर शोधलेल्या गोष्टीची जाहिरात दुसऱ्या फोनवर येऊ शकते. ‘विवाहित, तिशीच्या आसपास, नाशिक’ एवढ्या अंदाजावरही अशा जाहिराती दाखवल्या जातात. तेव्हा दिसलेली प्रत्येक जाहिरात म्हणजे कोणीतरी तुमचा शोध वाचला असं समजून घाबरून जाऊ नका.

करायचं हे: इन्स्टाग्रामच्या सेटिंग्जमधून अकाउंट्स सेंटर, मग ‘युवर इन्फर्मेशन अँड परमिशन्स’, मग ‘युवर अ‍ॅक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज’. कोणकोणत्या साइट आणि ॲपनी तुमची माहिती मेटाला पाठवली त्यांची नावं इथे दिसतात. आधी ती यादी वाचा, तुमच्या शंकेचं उत्तर कदाचित तिथेच मिळेल. मग मागची नोंद साफ करा आणि पुढची जोडणी बंद करा. जाहिरातीच्या तीन ठिपक्यांतून ‘हाइड अ‍ॅड’ही करत राहा. गूगलसाठी ‘माय अ‍ॅड सेंटर’मध्ये वैयक्तिक जाहिराती बंद करता येतात. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, गूगल, अ‍ॅड्स इथून ‘डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी’ करा. आयफोन असेल तर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये ‘ट्रॅकिंग’ उघडून ॲपना परवानगी मागायचीच मुभा काढून घ्या. त्या फॉर्मनंतर फोन यायला लागले असतील तर प्रत्येकाला ‘माझी संमती मागे घेतली, नंबर काढा’ असं सांगा, आणि जाहिरातीचे फोन-संदेश बंद करण्यासाठी १९०९ वर इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’ लिहून, एक जागा सोडून शून्य टाकून एसएमएस पाठवा.

कुकी आणि लॉगिन दोन्ही टाळले तरी एक माग उरतो. स्क्रीनचा आकार, ब्राउझरची आवृत्ती, टाइम झोन, बसवलेले फॉन्ट, निवडलेली भाषा, ग्राफिक्स चिप अशा किरकोळ गोष्टी साइटला कळतात आणि त्यांचा संच मिळून तुमचं यंत्र वेगळं ओळखता येतं. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये केलेल्या पाहणीत ८३.६ टक्के ब्राउझरचा असा संच एकमेव निघाला होता. डीटीपीसाठी श्रीलिपीसारखे फॉन्ट बसवलेला, ब्राउझरची भाषा मराठी ठेवलेला संगणक त्यात अधिकच उठून दिसतो. म्हणून मराठी काढून टाका असं आम्ही कधीच म्हणणार नाही. फक्त, क्रोमचं इन्कॉग्निटो या बाबतीत फारशी मदत करत नाही. सफारीच्या प्रायव्हेट मोडमध्ये २०२३ पासून, तसंच ब्रेव्ह ब्राउझरमध्ये आणि फायरफॉक्सच्या ‘स्ट्रिक्ट’ पातळीवर याविरुद्ध काही तजवीज आहे.

ऑफिसबद्दल मात्र स्पष्ट सांगतो: कंपनीच्या लॅपटॉपवर हे शोधणं आजच थांबवा. ऑफिसचं नुसतं वाय-फाय असतं आणि यंत्र तुमचं असतं, तर नेटवर्क सांभाळणाऱ्याला साइटचं नाव दिसलं असतं, पण एचटीटीपीएसमुळे (ब्राउझर आणि साइट यांच्यातली वाहतूक कुलूपबंद करणाऱ्या पद्धतीमुळे) त्या साइटवरचं कोणतं पान वाचलंत ते नसतं दिसलं. यंत्रच कंपनीचं असेल तर गोष्ट वेगळी. कंपनी त्यावर स्वतःचं डिजिटल प्रमाणपत्र (साइटची ओळख पटवणारा दाखला) बसवू शकते, आणि मग एचटीटीपीएसची कुलूपबंद वाहतूकही मध्येच उघडून, तपासून, पुन्हा बंद करून पुढे जाते. काही ठिकाणी स्क्रीनवर नजर ठेवणारा प्रोग्रामही असतो. त्याला ब्राउझर कोणत्या मोडमध्ये आहे याने काहीच फरक पडत नाही. तुमच्याकडे काय आहे याचा थोडा अंदाज घेता येतो. क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या यादीत तळाला ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ दिसतं का बघा. गूगल डॉट कॉम उघडा, पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा, ‘कनेक्शन इज सिक्युअर’ आणि मग ‘सर्टिफिकेट इज व्हॅलिड’ वर जा. ‘इश्यूड बाय’पुढे गूगल ट्रस्ट सर्व्हिसेस असेल तर निदान ही वाहतूक मध्ये उघडली जात नाही. तिथे तुमच्या कंपनीचं किंवा एखाद्या सुरक्षा उत्पादनाचं नाव असेल तर ती उघडली जाते. मात्र पहिलं उत्तर आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, स्क्रीनवरचा पहारा या तपासणीत कळत नाही. झालेल्या शोधांची चिंता करत बसू नका. आयटी विभागाचं लक्ष प्रामुख्याने व्हायरस आणि फाइलगळतीवर असतं, कोणी एकेकीचे शोध वाचत बसत नाही. पण नोंद राहते, म्हणून पुढे नको. दुपारी शोधायचं तर स्वतःचा फोन आणि मोबाइल डेटा, ऑफिसचं वाय-फाय बंद करून.

व्हीपीएनसाठी पैसे घालू नका. व्हीपीएन तुमची वाहतूक आपल्या सर्व्हरमधून फिरवतं, त्यामुळे ते तुमचा आयपी पत्ता बदलतं आणि इंटरनेट कंपनीपासून साइटची नावं लपवतं. तुमची अडचण त्या दोन्हींतली नाही. व्हीपीएन लावून जीमेलला लॉगिन केलंत तर टीव्हीवर तेच दिसेल. व्हीपीएन लावून फॉर्म भरलात तर इन्स्टाग्रामवर तेच येईल. इंटरनेट कंपनीऐवजी सगळं व्हीपीएन कंपनीला दिसू लागेल एवढाच बदल, आणि फुकटच्या व्हीपीएनचा खर्च कुठून निघतो हा विचार करण्यासारखा आहे. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क आणि दिलेले आयपी पत्ते ५ वर्षं जपून ठेवायचे आहेत. तो आदेश आल्यावर काही परदेशी कंपन्यांनी आपले भारतातले सर्व्हरच हलवले.

यापुढे शोधण्यासाठी फोनवर फायरफॉक्स वेगळा बसवा आणि फक्त याच कामाला ठेवा. अँड्रॉइडच्या फायरफॉक्समध्ये एक्स्टेन्शन्समधून ‘यूब्लॉक ओरिजिन’ हा जाहिराती आणि माग अडवणारा ब्लॉकर घाला आणि त्याच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट ब्राउझिंग’मध्ये चालायची परवानगी द्या. ती आपोआप मिळत नाही, आणि ती न दिल्यामुळे प्रायव्हेट टॅबमध्ये ब्लॉकर बंदच राहतो. ‘एन्हान्स्ड ट्रॅकिंग प्रोटेक्शन’ स्ट्रिक्टवर ठेवा. एखादी साइट उघडेनाशी झाली तर तेवढ्या साइटपुरतं ते सैल करा. या ब्राउझरमध्ये गूगल, फेसबुक, इन्स्टाग्राम कशालाही लॉगिन करायचं नाही, हा नियम मोडू नका. व्हिडिओही याच ब्राउझरमध्ये, लॉगिनशिवाय पाहा. लिंकवर बोट ठेवल्यावर फोन यूट्यूब ॲप उघडू पाहतो, आणि ॲपमध्ये तुमचं लॉगिन असतं. म्हणून फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये ‘ओपन लिंक्स इन ॲप्स’ हे ‘नेव्हर’वर ठेवा. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकमध्ये आलेली दवाखान्याची लिंक तिथल्या तिथे उघडू नका, ती त्या ॲपच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडते. टॉर ब्राउझर यापेक्षा पुष्कळ पुढचं संरक्षण देतो, पण तो संथ आहे, कित्येक साइट त्याला अडवतात आणि तुमच्या गरजेला त्याची आवश्यकता नाही.

डॉक्टरांशी पत्रव्यवहारासाठी दोघांत मिळून एक नवीन ईमेल काढा. ते टीव्हीवर, लॅपटॉपच्या क्रोममध्ये किंवा घरातल्या टॅबलेटवर कुठेही जोडायचं नाही. दवाखान्यात पहिल्या नोंदणीच्या वेळीच सांगा की रिपोर्ट याच ईमेलवर हवेत आणि निरोप एकाच मोबाइलवर. फोनच्या लॉक स्क्रीनवर संदेशाचा मजकूर दिसणार नाही अशी सेटिंग करा, कारण तपासणीच्या तारखेचा एसएमएस दवाखान्याच्या नावासकट येतो. आणि वर लिहिलेली हिस्टरी, जाहिराती, अकाउंट्स सेंटर ही सगळी साफसफाई नवऱ्याच्या फोनवरही करा. त्यांनीही शोधलंच असेल, आणि त्यांचं खातं घरातल्या दुसऱ्या एखाद्या टीव्हीवर किंवा टॅबलेटवर उघडं असू शकतं.